गंज कुणालाच आवडत नाही

जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: एवढा त्रास देते, तरी ठेवलीस कशाला? प्रश्न रास्त आहे. आजची साधी घरगुती इलेक्ट्रिक गाडीसुद्धा सिग्नलवरून सुटताना तिला सहज मागे टाकते. पावसात तिचं छत गळतं, उन्हात इंजिन तापतं, थंडीत सुरू व्हायला ती नखरे करते. हे सगळं माहीत असूनही सुट्टीचे दिवस तिच्याखाली आडवं पडून घालवणारी माणसं जगभर आहेत.

या प्रश्नाला दिली जाणारी ठरलेली उत्तरं मला पटत नाहीत. 'जुन्या आठवणी' हे पहिलं उत्तर. पण विशी-पंचविशीतली मुलं आपल्या जन्माआधीच्या गाड्यांसाठी वेडी होतात, त्यांच्या आठवणी कोणत्या? 'मिरवायला' हे दुसरं. मिरवायचंच असेल तर नवी गाडी जास्त चकाकते आणि चारचौघांत बंदही पडत नाही. तिसरं उत्तर शौकीन मंडळी स्वतःच देतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत चुकीचं आहे: 'तिचे दोषच तर आम्हाला आवडतात.'

गंज कुणालाच आवडत नाही. दाराखालच्या पट्टीत बोट आरपार जाईल अशी भोकं, दमट हवेत दगा देणारं वायरिंग, तासाभराच्या रांगेत वर चढत जाणारा तापमानाचा काटा: हे सगळं लोक सोसतात, त्यावर प्रेम करत नाहीत. संधी मिळाली की दुरुस्त करतात. काही दोष मात्र असे असतात की ते काढले तर गाडीच उरत नाही. ते हलगर्जीपणातून आलेले नसतात. बनवणाऱ्याने एक ठाम निर्णय घेतला, त्या निर्णयाचं ते देणं असतं. या दोन जाती वेगळ्या ओळखल्या की शौकिनांचं वेड कळतं. जुन्या गाड्यांना रस्त्यावर किती जागा द्यायची, हा प्रश्न अनेक देशांच्या कायद्यांपुढे आहे. त्याचं उत्तरही मला याच फरकात दिसतं.

पोर्शे ९११ पासून सुरुवात करतो, कारण इतकं उघड उदाहरण दुसरं नाही. ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं आहे. पुस्तकी हिशेबाने ही जागा चुकीची, कारण निम्म्याहून बरंच जास्त वजन मागे पडतं. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर भार पुढच्या चाकांकडे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं ते जड इंजिन लंबकासारखं बाहेर झेपावतं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा स्वभाव इतका जाणवायचा की कंपनीने काही काळ पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजनं बसवली. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन मात्र जागचं हललं नाही.

का नाही हललं? कारण त्याच वजनाने ती गाडी घडलेली आहे. वळण संपताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं त्या भारामुळे रस्ता घट्ट धरतात आणि गाडी इतरांच्या आधी सुटते. ब्रेक मारल्यावर भार पुढे आला तरी मागे पुरेसा उरतो, त्यामुळे चारही ब्रेक आपापलं काम करतात. नाकात इंजिन नसल्याने पुढची चाकं हलकी राहतात आणि पॉवर स्टीअरिंगशिवायही रस्त्याचा पोत हातांना कळतो. जे वजन गाडीला गरकन फिरवतं, तेच तिला वळणातून बाहेर ढकलतं. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. म्हणून ही गाडी चालवणारा शिकतो: ब्रेक वळणाआधी, वळणात पाय स्थिर, आणि वाट सरळ दिसू लागली की दाब. शिकला नाही तर गाडी त्याला ताबडतोब दाखवून देते.

या शिकवणीची एक काळी बाजू आहे. १९७५ मध्ये याच गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा, आला. २६० अश्वशक्ती आणि गिअर फक्त चार. त्या काळचा टर्बो पाय दाबल्यावर क्षणभर काहीच करत नसे आणि मग सगळा जोर एकदम ओतत असे. तो क्षण वळणाच्या मध्यावर आला की काय होई हे सांगायला नको. 'विधवा करणारी' असं तिचं टोपणनाव पडलं. हे नाव छाती फुगवून सांगणारे चाहते मला भेटलेले आहेत आणि मला ते अजिबात आवडत नाही. गाडी अवघड असणं ही गुणाची दुसरी बाजू असू शकते. माणूस मरणं नाही. याकडे पुन्हा येईन.

दोन्ही जातींचे दोष एकाच गाडीत पाहायचे असतील तर १९५४ ची मर्सिडीझ ३०० एसएल पाहावी. पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी तिची दारं सगळ्यांना ठाऊक असतात. ती सौंदर्यासाठी सुचलेली नाहीत. गाडीचा सांगाडा बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला होता आणि त्या नळ्या बाजूने इतक्या उंच येत होत्या की नेहमीचं दार कापायला जागाच उरली नाही. मग बिजागऱ्या छताला लावल्या. आत चढायचं तर उंच कठड्यावरून पाय टाकावा लागतो. काचा खाली होत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात आत भट्टी होते. तरी आजवर कुणी म्हणालं नाही की ही दारं बदलून साधी लावा. पण त्याच गाडीच्या इंधन पंपाची एक खोड होती. चावी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल फवारतच राही. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरे आणि ऑइल पातळ करी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडण्याचं तंत्र तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांना नवं होतं, त्या नवेपणाची ही चूक. तिच्यावर कुणी कविता करत नाही. मालक ऑइल लवकर बदलतो आणि गप्प बसतो.

माझदाच्या आरएक्स-७ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) ऑइल पितं, कारण फिरणाऱ्या रोटरच्या टोकांना वंगण मिळावं म्हणून ते मुद्दाम थोडं थोडं आत सोडलेलं असतं. टोकांच्या त्या पट्ट्या झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातं आणि इंजिन उघडावं लागतं. पण तेच इंजिन इतकं आटोपशीर आहे की ते खाली आणि मागे, गाडीच्या मध्याकडे बसवता आलं. आरएक्स-७ वळणात जी तोलून जाते ती त्यामुळे. १९९९ च्या होंडा एस२००० मध्ये दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत, चढतं. खालच्या आरपीएमला मात्र ती ओढत नाही, आळशी वाटते. सहा हजारांच्या आसपास आवाज बदलतो आणि मग ती वेगळीच गाडी होते. ज्याला तो बदल कमवायची हौस आहे, त्याने ही घ्यावी. ज्याला पाय टेकवताच जोर हवा आहे, त्याची ही गाडी नव्हे, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र एका साध्या गाडीत आहे. एमजीबी ही ब्रिटिश दोन आसनी गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी तिचे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळ्या रबराचे जाड बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच केली गेली. उंच झाल्यावर ती वळणात जास्त कलू लागली. आता पाहा: या नंतरच्या गाड्या वयाने कमी, दोष मात्र जास्त, तरी 'दोषच आवडतात' म्हणणारेही त्यांना कमी लेखतात. कित्येक मालक हौसेने काळे बंपर काढून क्रोमचे बसवतात आणि सस्पेन्शन पुन्हा खाली आणतात. दोषच प्रिय असते तर हा खटाटोप कुणी कशाला केला असता? तो कलणारा देह कुणाच्या निर्णयातून आलेला नव्हता, तो अंगावर पडलेली तडजोड होती. शौकिनांना हे बरोबर कळतं, जरी ते शब्दांत सांगता आलं नाही तरी.

आता नवी गाडी का पुरत नाही, हे सांगायला हवं. पहिल्या ९११ चे टायर १६५ मिलिमीटर रुंद होते. अलीकडच्या ९११ चे मागचे टायर २९५ मिलिमीटरचे आहेत. तेवढ्या रबराने गाडी रस्त्याला जी चिकटते, ती सार्वजनिक रस्त्यावर कायद्याच्या वेगात कधी सुटतच नाही. चालकाला वाटतं काहीच घडत नाही, म्हणून तो वेग वाढवतो. मजा यायला लागते तेव्हा परवाना जायची वेळ आलेली असते. अरुंद टायरच्या हलक्या गाडीत ताशी साठ-सत्तर किलोमीटरलाच हातापायांना भरपूर काम असतं. वेग कमी आणि गुंतणं जास्त, हा सौदा रस्त्यावरच्या इतर माणसांच्याही हिताचा आहे. हे कुणी म्हणत नाही, पण म्हणायला हवं.

मी अशी गाडी पहिल्यांदा चालवली ती पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ होती. १९८९ मध्ये आलेली ही गाडी. १.६ लिटरचं इंजिन, अश्वशक्ती सव्वाशेच्याही खाली आणि वजन हजार किलोच्या आत. माझ्या हाती आली तिला पॉवर स्टीअरिंग नव्हतं. जागेवर उभी असताना चक्र फिरवायला खांदा लागला. चार पावलं पुढे गेली आणि ते चक्र जिवंत झालं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून चाक गेलं तर तिथे रंगाचा थर जाड आहे हे तळहाताला कळत होतं. गिअरचा दांडा मनगटाएवढ्या हालचालीत खटकन बसायचा. छताला मागे काचेऐवजी प्लॅस्टिकचा पडदा होता, तो पिवळा पडून चिरलेला. हमरस्त्यावर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. त्या दिवशी मी कुठल्याही गाडीत चालवलं नसेल इतकं सावकाश चालवलं आणि उतरलो तेव्हा मन टवटवीत झालं होतं.

नव्या गाड्यांच्या कारखानदारांनाही ही उणीव ठाऊक आहे. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवायला सुरुवात केली, कारण गाडी इतकी शांत केली होती की खरा आवाज पोहोचतच नव्हता. त्याच वर्षी ९११ चं स्टीअरिंग विजेच्या मोटरवर गेलं आणि हाताला पूर्वीइतकं कळत नाही अशी तक्रार लगेच झाली. आधी संवेदना गाळून टाकायची आणि मग तिची नक्कल परत भरायची, असा हा उलटा प्रवास आहे.

कळण्याची दुसरी बाजू दुरुस्तीची. जुनी गाडी बिघडते, पण ती कशाने बिघडली हे शोधता येतं. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा कुठे चोरली जातेय का? हवामान बदललं की तानपुरा उतरावा तसा पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उतरतो, आणि कान असलेला माणूस दोन स्क्रू फिरवून तो परत लावतो. इंजिन मिसिंग मारत असेल तर प्लगचा रंग पाहून निम्मं निदान होतं. जुन्या गाडीत कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कुणी पडदा धरलेला नसतो. माणसाला आपल्या वस्तूची कळ समजणं ही त्याची गरज आहे, आणि आजच्या बहुतेक वस्तू ती गरज मारून टाकतात. २०२२ मध्ये काही देशांत बीएमडब्ल्यूने गाडीत बसवलेली सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर विकून पाहिली. लोकांनी नाराजी दाखवली आणि कंपनीने पुढच्या वर्षी ती सोडून दिली. विकत घेतलेल्या गाडीतली तार आपली नाही, हे लोकांना झोंबलं होतं.

मॅक्लॅरेन एफ१ ही १९९२ ची गाडी इथे आठवते. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी तिला पॉवर स्टीअरिंग दिलं नाही, ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारं एबीएस दिलं नाही, पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा सर्व्हो दिला नाही. चालकाची सीट मधोमध ठेवली. बारा सिलिंडरच्या इंजिनासह वजन साडेअकराशे किलोच्या आत राखलं, आणि १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटर वेग गाठला. तिचा कार्बन फायबरचा सांगाडा आणि इंजिन आजही ठणठणीत आहेत. अडचण भलतीकडेच आली. तिच्या संगणकाशी बोलायला नव्वदच्या दशकातला एका विशिष्ट बनावटीचा लॅपटॉप लागायचा, म्हणून कंपनीने ती जुनी यंत्रं कित्येक वर्षं जपून ठेवली. यंत्र टिकलं, सॉफ्टवेअर म्हातारं झालं. आज कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांचं तीस वर्षांनी काय होईल, याची मला यावरून खरी काळजी वाटते. सुट्या भागांइतकीच निदानाची साधनं आणि सॉफ्टवेअरची माहिती मालकाला मिळायला हवी, असा कायदा हवा, आणि आजच्या गाड्या म्हाताऱ्या होण्याआधी हवा.

टर्बोच्या वेळी अर्धवट सोडलेल्या मुद्द्याकडे, म्हणजे दोषांच्या एका तिसऱ्या जातीकडे, आता येतो. ज्याची किंमत मालक भरत नाही, दुसरा भरतो, असे दोष. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं स्पोर्ट्‌स कार त्याशिवाय विकल्या गेल्या. घसरणाऱ्या गाडीच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा १९९५ मध्ये आली आणि युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची झाली. मला त्याचा आनंद आहे. तिच्यामुळे माणसं वाचतात. धुराचंही तसंच. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) न बसवलेली गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट विषारी वायू सोडते. 'नवी गाडी बनवण्यातही प्रदूषण होतंच की' हा आमच्या मंडळींचा लाडका बचाव मला प्रामाणिक वाटत नाही. रविवारी बाहेर काढायची गाडी ठेवली म्हणून कुणाची रोजची नवी गाडी वाचलेली नसते. खरा बचाव एवढाच की या गाड्या थोड्या आहेत आणि वर्षाकाठी थोड्याच धावतात.

म्हणून सरसकट बंदी मला चुकीची वाटते, तशीच सरसकट सूटही. जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी ऐतिहासिक नंबरप्लेट द्यायला सुरुवात केली. ती नुसत्या वयावर मिळत नाही. गाडी बव्हंशी मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे असं तज्ज्ञाने तपासून सांगावं लागतं, आणि नंतरची ठरावीक काळाने होणारी सुरक्षा तपासणीही सुटत नाही. त्याबदल्यात शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रांत, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागांत, तिला प्रवेश मिळतो. ब्रिटनने २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतूनच मोकळं केलं. गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकावर राहते, पण तपासणारा कुणी नाही. माझं मत स्पष्टपणे पहिल्या पद्धतीकडे आहे. ज्या गाडीला स्वतःला सावरता येत नाही, तिचे ब्रेक आणि तिची चासी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिली गेलीच पाहिजे. तपासणीला घाबरणारा मालक मला शौकीन वाटत नाही.

आणि तपासणाऱ्याने काय पाहावं? माझ्या हाती असतं तर मी ब्रेकचे चांगले पॅड, नवं वायरिंग, इंजिन थंड ठेवणारा विजेचा पंखा, सीटबेल्ट यांना मोकळी परवानगी दिली असती, मूळ गाडीत हे नसलं तरी. यातल्या कशानेही गाडीचा स्वभाव बदलत नाही. पण इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवली, सस्पेन्शनचा आराखडाच बदलला, तर ती गाडी खुशाल चालावी, चांगली धावावी. ऐतिहासिक प्लेट मात्र तिला देऊ नये. बाहेरचा पत्रा जुना असला तरी ज्या निर्णयासाठी तिला जपायचं होतं, तोच आत राहिलेला नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो मात्र न चालणाऱ्या गाड्यांचा. फेरारी एफ४० घ्या. १९८७ ची. ब्रेकला सर्व्हो नाही, आत दार उघडायला हँडलऐवजी नुसती तार. ही गाडी चालकाला घाम फोडण्यासाठी बनवलेली होती. तिच्यासारख्या कितीतरी गाड्या आज आवरणाखाली, ठरावीक तापमानाच्या खोलीत, किंमत वाढण्याची वाट पाहत उभ्या आहेत. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, टायर एका बाजूने चपटे होतात, आणि इंजिनातल्या हालचालींचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट तर एक किलोमीटरही न चालता वर्षांच्या हिशेबाने बदलावा लागतो. न वापरून गाडी जपली जाते हा समज तांत्रिकदृष्ट्याच खोटा आहे.

त्यापेक्षा मला त्या एमएक्स-५ चे मालक जवळचे वाटतात. तिचं छत मिटतं तिथे, सीटांच्या मागे, पाणी वाहून जायला दोन भोकं असतात. त्यांत पानं, धूळ अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून पावसाचे दिवस येण्याआधी ते गृहस्थ एक लवचीक बारीक नळी घेतात, ती भोकातून हळूच खाली सारतात, वरून तांब्याभर पाणी सोडतात आणि गाडीखाली वाकून ते दोन्ही बाजूंनी गळतंय ना, हे पाहत बसतात.